बाराव्या वर्षीच्या पदकांवर कारकीर्द मोजू नका: जलतरण संघटनांना खुले पत्र

प्रति,
जलतरण संघटनांचे पदाधिकारी, निवड समित्यांचे सदस्य आणि वयोगट स्पर्धांची पत्रके तयार करणारे सर्वजण,

सस्नेह नमस्कार.

वयोगटातील मुलांना शिकवणारे प्रशिक्षक, शर्यतीच्या वेळी पाण्याकाठी उभे राहणारे तांत्रिक पंच आणि खेळाडूंचे खांदे-गुडघे सांभाळणारे फिजिओथेरपिस्ट असे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहीत आहोत. अव्वल जलतरणपटूची कारकीर्द साधारण दहा ते अठरा या वयात घडते किंवा मोडते. त्या वयात मुलाने काय पोहावे आणि किती पोहावे, हे कागदावर प्रशिक्षक ठरवतो. प्रत्यक्षात ते तुमचे स्पर्धापत्रक ठरवते. ज्या शर्यतीला पदक आहे तीच क्लबमध्ये शिकवली जाते, आणि ज्या वेळेवर निवड होते त्याच वेळेसाठी मुलाला घाण्याला जुंपले जाते. म्हणून आमची मागणी तुमच्याकडे आहे.

सुरुवात लहान गटांपासून करू. दहा-अकरा वर्षांच्या गटात जिथे ५० मीटरच्या शर्यतींची गर्दी असते आणि सांघिक विजेतेपदाचे गुणही त्यांवरच मिळतात, तिथे काय होते ते आम्ही हंगामामागून हंगाम पाहतो. त्या वयात ५० मीटर हा मुख्यतः उंचीचा, हातापायांच्या लांबीचा आणि इतरांच्या आधी वयात येण्याचा खेळ असतो. जन्मतारखेने बारा वर्षांची दोन मुले शेजारच्या लेनमध्ये उभी असली, तरी शरीराच्या वाढीत त्यांच्यात चार वर्षांपर्यंत अंतर असू शकते. एकाचे खांदे रुंदावलेले, तळवे मोठे. दुसऱ्याचे दुधाचे दातही अजून सगळे पडलेले नाहीत. पहिला मुलगा डोके वर काढून, कोपर खाली पाडून, नुसत्या जोरावर दोन सेकंदांनी जिंकतो. त्याला पदक मिळते आणि आपले पोहणे बरोबर आहे असा समजही मिळतो. पंधराव्या वर्षापर्यंत बाकीची मुले त्याला उंचीने गाठतात. तेव्हा ताकदीचा फायदा संपलेला असतो आणि अंगवळणी पडलेले चुकीचे तंत्र मोडून काढणे फार अवघड झालेले असते. दुसरा मुलगा तोवर खेळ सोडून गेलेला असतो. दोघेही आपल्या हातून जातात.

लहान वयात जागतिक पातळीवर चमकलेल्यांची नावे अशा वेळी हमखास पुढे केली जातात. ती नावे नीट पाहावीत, कारण आमचेच म्हणणे त्यांतून पक्के होते. इयान थॉर्प १९९८ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी जगज्जेता झाला, तो ४०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये. मायकेल फेल्प्स पंधराव्या वर्षी, २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये पाचवा आला, तो २०० मीटर बटरफ्लायमध्ये. केटी लेडेकीने २०१२ मध्ये पंधराव्या वर्षी पहिले ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले ते ८०० मीटरमध्ये. समर मॅकिंटॉश टोकियोत चौदाव्या वर्षी चौथी आली ती ४०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये. २०२५ च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेत बारा वर्षांची यू झीदी तीन वैयक्तिक शर्यतींत चौथी आली: २०० मीटर बटरफ्लाय, २०० मीटर मिडले (एकाच शर्यतीत चारही शैली) आणि ४०० मीटर मिडले. यांतली एकही शर्यत २०० मीटरपेक्षा छोटी नाही.

आता ५० मीटर फ्रीस्टाईलचे विजेते पाहा. पॅरिसला २०२४ मध्ये पुरुषांत कॅमेरॉन मॅकएव्हॉय आणि महिलांत सारा शेस्ट्रम जिंकले, तेव्हा दोघांचेही वय ३० होते. शेस्ट्रम २००९ मध्ये पंधराव्या वर्षीच १०० मीटर बटरफ्लायची जगज्जेती झाली होती, पण ५० मीटरच्या ऑलिम्पिक सुवर्णासाठी आणखी पंधरा वर्षे गेली. अँथनी अर्विन २००० मध्ये १९ व्या वर्षी जिंकला हे खरे. तोच पुन्हा २०१६ मध्ये ३५ व्या वर्षी, एका शतांश सेकंदाने जिंकला. दारा टोरेसने २००८ मध्ये ४१ व्या वर्षी रौप्य मिळवले, तिचे सुवर्णही एका शतांशानेच हुकले.

यामागचे कारण शरीरात आहे. पाण्याची पकड, श्वासाची लय, चारही शैलींचा समन्वय आणि दमाचा पाया लहानपणी लवकर बसतो. स्फोटक वेगाला लागणारे स्नायू आणि सांध्यांचा भक्कमपणा वाढीचा झपाटा संपल्यावर, वजनांचे प्रशिक्षण सुरू झाल्यावर येतो. जे उशिरा येणार आहे त्याची परीक्षा आपण आधी घेतो आणि जे लवकर शिकवायला हवे ते राहून जाते.

म्हणून बारा वर्षांखालील गटात सांघिक गुण आणि वैयक्तिक विजेतेपद २०० मीटर मिडले, २०० व ४०० मीटर फ्रीस्टाईल आणि प्रत्येक शैलीच्या १०० मीटरवर द्यावे. अगदी लहानांसाठी १०० मीटर मिडले ठेवता येईल. ती शर्यत २५ मीटरच्या तलावातच होते, आणि या वयाला तो तलाव सोयीचाही असतो. विजेता एका शर्यतीवर ठरवण्याऐवजी चार शर्यतींच्या गुणांच्या बेरजेवर ठरवा. ५० मीटर काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. मुलांना ती आवडते. रिलेमध्ये ती भरपूर ठेवा, फक्त तिच्यावर कोणाची निवड करू नका.

वळणांबद्दल सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण सगळ्यात स्वस्तात मिळणारी आणि सगळ्यात जास्त वाया जाणारी वेळ तिथेच आहे. ५० मीटरच्या तलावात १५०० मीटर पोहताना २९ वळणे येतात, २५ मीटरच्या तलावात ५९. प्रत्येक वळणाला ०.२ सेकंद गेले तरी २९ वळणांत ५.८ सेकंद गेले. तेवढ्या वेळासाठी मुलाला वर्षभर रोज हजार मीटर जादा पोहायला लावणारे क्लब आहेत, आणि वळण मात्र सराव संपता संपता, पाच मिनिटे उरली तर शिकवले जाते.

ते कुठे बिघडते ते सांगतो. मूल भिंत दिसली की शेवटच्या दोन हातांत श्वास घेते. डोके वर जाते, कंबर खाली बसते आणि भिंतीशी येताना वेग मरतो. मग कोलांटी घेण्याआधी ते घसरत वाट पाहते. हनुवटी छातीकडे न ओढता पाठीने वळते, त्यामुळे पाय डोक्यावरून मोठा फेरा घेत भिंतीवर आपटतात. पाय फार वर टेकले तर शरीर तळाकडे ढकलले जाते, फार खाली टेकले तर सरळ पृष्ठभागावर, म्हणजे स्वतःच्याच लाटेत. गुडघे काटकोनात किंवा थोडे जास्त उघडे असावेत. छातीशी पूर्ण दुमडले की ढकलायला वेळ लागतो. भिंत सोडताना दोन्ही हात कानांमागे घट्ट, एका तळव्यावर दुसरा तळवा. पहिली किक लगेच मारायची नसते. ढकलण्याचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त असतो, आणि त्या वेगात पाय हलवले की उलटा अडथळा होतो. वेग उतरू लागला की डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखी किक, सुरू करायची. आणि पाण्यावर आल्यावर पहिल्या हाताला श्वास घ्यायचा नाही. ही शेवटची सवय दहाव्या वर्षी लागली नाही तर विसाव्या वर्षी लावताना सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो.

हे मोजायला महागडी यंत्रे लागत नाहीत. बॅकस्ट्रोकची निशाणे भिंतीपासून ५ मीटरवर टांगलेली असतात. लेनच्या दोरीवर १५ मीटरची खूण वेगळ्या रंगाच्या फ्लोटने केलेली असते. मुलाचे डोके निशाणाखाली आले की घड्याळ चालू, वळून परत १५ मीटरच्या खुणेला आले की बंद. हा आकडा निकालपत्रकात प्रत्येक मुलाच्या नावापुढे छापा. एका हंगामात क्लबांचे सराव बदललेले दिसतील.

पाण्याखालच्या किकबद्दल मात्र एक इशारा, आणि तो कृपया हलक्यात घेऊ नका. फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये स्टार्टनंतर व वळणानंतर डोके १५ मीटरपर्यंत पाण्यावर यावेच लागते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाण्याखाली हातांचा एक पूर्ण ओढा, एक डॉल्फिन किक आणि एक ब्रेस्टस्ट्रोक किक एवढीच मुभा आहे. ही १५ मीटर गाठण्याच्या हौसेने काही ठिकाणी मुलांकडून श्वास रोखून अख्खी लेन पाण्याखाली पोहून घेतात, चढाओढही लावतात. पाण्यात शिरण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. श्वास घ्यायची निकड त्याच वायूमुळे जाणवत असते. ती जाणवतच नाही, इकडे प्राणवायू संपतो आणि मूल कसलीही धडपड न करता पाण्याखालीच बेशुद्ध होते. वरून ते शांतपणे पोहत असल्यासारखे दिसते. तुमच्या नियमावलीत एक ओळ हवी: पाण्याखाली श्वास रोखण्याच्या स्पर्धा आणि त्याआधी जोरजोरात श्वास घेणे यांना सरावातही बंदी. डॉल्फिन किक शिकवायची तर दर भिंतीनंतर तीन किक, मग चार, मग पाच. ती संख्या सरावाच्या पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत टिकली पाहिजे.

शेवटच्या हाताकडेही असेच दुर्लक्ष होते. १९७२ मध्ये म्युनिकला ४०० मीटर मिडलेचे सुवर्ण गुन्नार लार्सनला ०.००२ सेकंदाच्या फरकाने दिले गेले. त्यानंतर वेळ शतांशापर्यंतच धरायची असे ठरले, कारण तलावाच्या सगळ्या लेन एवढ्या सूक्ष्म अंतरापर्यंत सारख्या लांबीच्या बांधताच येत नाहीत. शतांश मात्र खरा आहे. २००८ मध्ये फेल्प्सने १०० मीटर बटरफ्लाय ५०.५८ सेकंदांत जिंकली, मिलोराड चाविच ५०.५९ ला आला. त्या वेगाने एका शतांशात शरीर जेमतेम २ सेंटीमीटर पुढे जाते. चाविच भिंतीकडे घसरत गेला, फेल्प्सने आखडता का होईना आणखी एक हात मारला. सरावाच्या प्रत्येक फेरीच्या शेवटी लेनची दोरी धरून थांबणारे मूल रोज पंचवीस-तीस वेळा चुकीचा शेवट घोटत असते. भिंतीआधी ५ मीटर श्वास बंद, डोके खाली, बोटे ताठ, आणि हात भिंतीच्या आरपार जाणार असल्यासारखा स्पर्श. हे दमलेल्या शेवटच्या फेरीतही झाले पाहिजे.

आता खांद्यांविषयी. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आठवड्याला ५० किलोमीटर पोहत असेल तर त्याच्या ५० मीटरच्या हजार लेन झाल्या. एका लेनला ३६ हात धरले तर ३६,००० हात, म्हणजे प्रत्येक खांदा आठवड्यात १८,००० वेळा फिरला. वर्षात ४५ आठवडे सराव धरला तर ८,१०,००० वेळा. अंगठा आधी पाण्यात शिरत असेल, हात डोक्याची मध्यरेषा ओलांडून पलीकडे जात असेल, किंवा एकाच बाजूला श्वास घेतल्याने दुसरा खांदा वाकडा दाबला जात असेल, तर ती चूक त्या सांध्यात आठ लाख वेळा होते. तिथे हाड आणि स्नायूबंध यांच्यामध्ये जागा फार थोडी असते. आधी सरावानंतर दुखते, मग सरावात, मग रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. तिसऱ्या टप्प्यावर आमच्याकडे येणाऱ्या मुलाचे महिने जातात, पहिल्या टप्प्यावर आले तर काही दिवसांत भागते.

यातली एक नेहमीची चूक चांगल्या हेतूने होते. खांदा दुखतो म्हटले की प्रशिक्षक म्हणतात, आज हात नको, किकबोर्ड घे. किकबोर्ड पुढे धरला की खांदा नेमका त्याच दुखऱ्या स्थितीत, हात वर ताणलेला असा, अर्धा-अर्धा तास अडकून राहतो. त्याऐवजी उताणे होऊन हात बाजूला ठेवून किक मारावी, किंवा तोंडासमोरचा स्नॉर्कल लावून हात मांडीशी ठेवावेत. तळव्यांना लावायचे मोठे पॅडल चौदा वर्षांखाली नकोतच. रबरी बँडने हात बाहेरच्या बाजूला फिरवण्याचे १५-१५ चे दोन सेट आणि खांद्याच्या फऱ्याला आवळून धरण्याचा व्यायाम, एवढे पाण्यात शिरण्याआधी रोज झाले तरी खूप. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. किक मारताना गुडघे फार फाकलेले असतात, किंवा अंग तापण्याआधीच जोरात किक मारलेली असते, ही त्याची दोन मुख्य कारणे.

किती पोहावे, हा प्रश्न पालक तुम्हाला विचारतात आणि उत्तर कुठेच छापलेले नसते. आमचा हिशेब असा: दहाव्या वर्षी आठवड्यात तीन-चार सत्रे, प्रत्येकी तासाभराचे. बारा-तेराव्या वर्षी पाच-सहा, सव्वा ते दीड तासाची. पंधरा-सोळाव्या वर्षी सात-आठ. दिवसातून दोनदा पोहणे त्याआधी नको. चौदा वर्षांच्या मुलाचे ३००० मीटरचे एक सत्र पाहा: ८०० मीटर सावकाश, चारही शैलींत, ८ वेळा ५० मीटर तंत्राचे ड्रिल, ८ वेळा ५० मीटर किक, १० वेळा १०० मीटर, दर १ मिनिट ४० सेकंदांनी सुटायचे, शेवटी ४०० मीटर अगदी आरामात. यातल्या दहा शंभरांत घड्याळाइतकेच हातांच्या मोजणीकडे पाहायचे. पहिल्या शंभरात लेनला ३८ हात लागले आणि सातव्यात ४१ लागू लागले, तर पकड सुटली, कोपर पडले. तिथे सेट थांबवावा. उरलेले तीन शंभर पूर्ण करून घेतले तर ते चुकीच्या पोहण्याचा सराव ठरतात. हात मोजण्याची सवय पुढे कुठे कामी येते ते बीजिंगच्या २०० मीटर बटरफ्लायमध्ये दिसले. फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरले, भिंत दिसेना, तेव्हा हात मोजत तो पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम करून बाहेर आला.

वाढीचा झपाटा हा निवड समित्यांनी समजून घेण्याचा विषय आहे. मुलींमध्ये तो साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मागेपुढे दोन वर्षे सहज. पावले आणि पाय आधी वाढतात, धड मागाहून. कालपर्यंत जमणारी लय तुटते, बटरफ्लायमध्ये कंबर वेळेवर वर येत नाही, आणि वेळ सहा-आठ महिने जागची हलत नाही. कधी मागेही जाते. बाहेरून हे आळसासारखे दिसते. मुलींच्या बाबतीत शरीराची ठेवणच बदलते, आणि तेरा ते सोळा या वयात वेळ थांबली म्हणून यादीतून नाव काढलेल्या कितीतरी मुली परत तलावावर येत नाहीत. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, उंची मोजून ठेवावी. वर्षाला ७-८ सेंटीमीटरचा वेग दिसला की त्या काळात पॅडल बंद, बटरफ्लाय कमी, तंत्राचे ड्रिल जास्त. आणि निवडीसाठी गेल्या दोन वर्षांतली उत्तम वेळ ग्राह्य धरावी. चारचौघांत वजन करून आकडे फळ्यावर लिहिण्याची प्रथा जिथे असेल तिथे आजच बंद करा. पाळी तीन महिने आली नाही तर ती चांगल्या सरावाची खूण नसते. खाणे सरावाला पुरत नाही हे त्याचे पहिले कारण असू शकते, आणि मुलीला डॉक्टरांकडे न्यायचे असते.

निवड चाचण्यांबद्दल आमची जुनी तक्रार आहे. मोठ्या स्पर्धेआधी दोन ते तीन आठवडे सरावाचे अंतर हळूहळू ४० ते ६० टक्क्यांनी उतरवतात, वेगाची धार मात्र तशीच ठेवतात. यालाच टेपर म्हणतात. सत्रांची संख्या फारशी घटवायची नसते, नाहीतर पाण्याची पकड जाते. असे टेपर वर्षातून दोनदा, फार तर तीनदा जमते. तुमच्या पत्रकात दर महिन्याला निवड स्पर्धा असेल आणि प्रत्येकीत पात्रता वेळ द्यावी लागत असेल, तर मूल वर्षभर टेपरमध्येच राहते. त्याचा पाया कधी भरलाच जात नाही, आणि मुख्य स्पर्धेच्या दिवशी खात्यात काही शिल्लक नसते. वर्षात दोन मुख्य स्पर्धा ठेवा, त्यांच्या तारखा वर्षभर आधी जाहीर करा आणि निवड चाचणी व मुख्य स्पर्धा यांच्यात पुन्हा पाया भरून पुन्हा टेपर घेता येईल एवढे आठवडे सोडा.

एका दिवसावर सगळे लटकवण्याचा धोका २००४ मध्ये जगाने पाहिला. ऑस्ट्रेलियाच्या निवड चाचणीत ४०० मीटर फ्रीस्टाईलचा जगज्जेता आणि विश्वविक्रमवीर इयान थॉर्प स्टार्टिंग ब्लॉकवरून तोल जाऊन पाण्यात पडला आणि बाद झाला. क्रेग स्टीव्हन्सने स्वतःची जागा सोडली म्हणून थॉर्पला अथेन्समध्ये ती शर्यत पोहता आली, आणि त्याने सुवर्ण जिंकले. स्टीव्हन्ससारख्या खेळाडूच्या मोठेपणावर नियमावली चालवता येत नाही. एक स्टार्ट चुकला की बाद, हा शर्यतीचा नियम योग्यच आहे. निवडीत मात्र गेल्या बारा महिन्यांतली नोंदवलेली वेळ हा दुसरा दरवाजा उघडा असावा, आणि तो कधी उघडेल हे आधीच लिहून ठेवलेले असावे, म्हणजे नंतर वशिल्याची शंका येत नाही.

पहिल्या मोठ्या स्पर्धेत पदक नाही म्हणून नाव खोडण्याची घाईही सोडा. लिऑन मार्शां टोकियोत ४०० मीटर मिडलेत सहावा आला होता. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याने फेल्प्सचा त्या शर्यतीतला विश्वविक्रम ४ मिनिटे २.५० सेकंदांवर आणला आणि पॅरिसला चार वैयक्तिक सुवर्णे जिंकली, त्यांतली २०० मीटर बटरफ्लाय आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक एकाच संध्याकाळी. एकाच संध्याकाळी दोन अंतिम शर्यती पोहता येणे हेही शिकवावे लागते. पहिल्या शर्यतीनंतर बसून न राहता ८०० ते १५०० मीटर सावकाश पोहून पायांत जोरदार श्रमाने साचलेले लॅक्टेट उतरवायचे, ओले कपडे लगेच बदलायचे, अर्ध्या तासाच्या आत काहीतरी पिष्टमय खायचे. तुमच्या स्पर्धांत शर्यती संपल्यावर पोहायला वेगळा तलाव किंवा दोन मोकळ्या लेन नसतील तर मुले हे शिकणार कुठे?

बंदिस्त तलावांच्या हवेबद्दलही दोन वाक्ये. क्लोरीनचा तो उग्र वास म्हणजे स्वच्छतेची खूण नव्हे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनची क्रिया होऊन तयार झालेले क्लोरामाइन पाण्याच्या पृष्ठभागालगत साचतात, आणि पोहणारा नेमकी तीच हवा ओढतो. दमा आणि सरावानंतरचा खोकला जलतरणपटूंत जास्त आढळतो तो यामुळेही. पाण्यात उतरण्याआधी साबणाने अंघोळ सक्तीची करा आणि तलावाला मान्यता देताना पाण्याच्या तपासणीबरोबर हवा खेळती आहे का तेही पाहा.

उत्तेजक चाचण्यांची माहिती चौदाव्या वर्षीच द्यायला हवी, पालकांसकट. नोंदणीकृत चाचणी यादीत नाव आले की खेळाडूला प्रत्येक दिवसाचे ६० मिनिटे आपण कुठे सापडू ते आधी कळवावे लागते. बारा महिन्यांत अशा तीन चुका झाल्या तर शरीरात काहीही न सापडता दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ते कळवायचे काम दहावी-बारावीच्या वयाचे मूल करणार असते, घर बदलले, शाळेची सहल निघाली की विसरते. पूरक पावडरीच्या डब्यात न छापलेला पदार्थ निघाला तरी जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. म्हणून या वयात पावडरी नकोत, आणि नेहमीचे औषध बंदीच्या यादीत असेल तर उपचारासाठीची सूट आधी मागायची असते, हे कोणीतरी बसून समजावले पाहिजे.

आणि मुलांच्या सुरक्षिततेचा नियम लेखी हवा: बंद खोलीत प्रशिक्षक आणि एकटे मूल नाही, मसाज वा तपासणीच्या वेळी दुसरी प्रौढ व्यक्ती हजर, मुलाला पाठवलेल्या प्रत्येक संदेशात पालक सामील, दौऱ्यावर मुलींसोबत महिला व्यवस्थापक, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती क्लबच्या बाहेरची.

कारकिर्दीच्या शेवटाचा तुमच्या कोणत्याही कागदात उल्लेख नसतो. आठवड्याला आठ-दहा सत्रे करणारा खेळाडू एका सोमवारपासून शून्यावर येतो. भूक तीच राहते, झोप बिघडते, आणि पहाटे उठायचे कारण जाते. २८ ऑलिम्पिक पदके जिंकलेल्या फेल्प्सने ऑलिम्पिकनंतर आलेल्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितले आहे. ॲडम पीटीनेही मनाच्या स्वास्थ्यासाठी २०२३ मध्ये स्पर्धांमधून विश्रांती घेतली आणि पॅरिसला रौप्य जिंकले. थांबणाऱ्या खेळाडूसाठी तीन ते सहा महिन्यांचा उतरता कार्यक्रम असावा, आठवड्याला आठ सत्रे, मग पाच, मग तीन, आणि त्या काळात समुपदेशक व फिजिओथेरपिस्ट संघटनेच्या खर्चाने मिळावेत. परत यायची वाटही सांगून ठेवावी. चाचणी यादीतल्या खेळाडूने निवृत्ती कळवली असेल, तर पुन्हा स्पर्धेत उतरण्याआधी सहा महिने लेखी कळवून चाचण्यांसाठी उपलब्ध राहावे लागते. हा नियम माहीत नसल्याने एखाद्याचा अख्खा हंगाम वाया जाऊ शकतो.

निवडीचे निकष आणि वयोगटांची पत्रके बदलायला तुम्हाला बैठका घ्याव्या लागतील, त्याला एक हंगाम लागेल हे आम्ही समजतो. निकालपत्रकात वळणाच्या वेळेचा रकाना घालायला मात्र कोणाची मंजुरी लागत नाही. पुढच्या वयोगट स्पर्धेत तो घाला. प्रत्येक लेनच्या बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभे राहायला आणि आकडे टिपून द्यायला आमच्यातली माणसे विनामूल्य येतील. किती जण हवेत आणि सकाळी किती वाजता, तेवढे कळवा.

आपले,
वयोगट जलतरणाचे प्रशिक्षक, तांत्रिक पंच आणि फिजिओथेरपिस्ट